कोरड्या पावडरचे इनहेलर : तुलना औषधाची, उपकरणाची की श्वासाची?

दम्यासाठी कोरड्या पावडरचा कोणता इनहेलर सर्वांत परिणामकारक, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, कारण मला स्वतःला लहानपणापासून दमा आहे आणि या उपकरणांविषयी जे काही छापून येते ते वाचण्याची मला खोड आहे. विचारणाऱ्याला बहुधा एखादे नाव हवे असते. संशोधनाकडून मिळणारे पहिले उत्तर मात्र त्याची निराशा करणारे असते. ब्रिटनमध्ये २००१ साली आणि अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञ व ॲलर्जीतज्ज्ञ यांच्या संस्थांनी मिळून २००५ साली उपलब्ध चाचण्यांचे विस्तृत आढावे घेतले, आणि दोन्हींचा सूर जवळपास सारखाच होता : औषध तेच असेल, मात्रा तुल्य असेल आणि रुग्ण उपकरण योग्य रीतीने वापरत असेल, तर एका प्रकारच्या इनहेलरने दमा दुसऱ्यापेक्षा अधिक आटोक्यात येतो, असे दाखवता येत नाही. पावडरचे इनहेलर आपापसांतही तसे सिद्ध होत नाहीत आणि दाबाच्या फवाऱ्याच्या इनहेलरशी, म्हणजे ज्याला आपण बोलताना नुसता ‘पंप’ म्हणतो त्याच्याशी तुलना केली तरीही तसे सिद्ध होत नाही.

या वाक्यातला ‘योग्य रीतीने वापरत असेल तर’ हा भाग बहुतेक जण वाचतात आणि पुढे जातात. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. औषधाच्या चाचणीत रुग्ण दाखल होतो तेव्हा त्याला उपकरण हाताळायला शिकवतात, त्याच्याकडून ते करवून घेतात, आणि ज्याला ते जमत नाही त्याला पुष्कळदा चाचणीत घेतच नाहीत. त्यामुळे दोन उपकरणांमध्ये जो फरक असू शकतो, तो मोजणी सुरू होण्याआधीच पुसला जातो. शिवाय दुसरे एक कारण आहे, ते औषधाच्या स्वभावात आहे. श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडची मात्रा वाढवत नेली तर परिणाम सुरुवातीला झपाट्याने वाढतो आणि लवकरच त्याची वाढ मंदावते. दम्यातला बहुतेक फायदा कमी मात्रेतच मिळून जातो. श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधांचेही तसेच आहे. अशा वेळी एका उपकरणातून फुप्फुसात दीडपट औषध पोहोचले तरी फुंकरीच्या चाचणीच्या आकड्यांत त्याचा मागमूस लागेलच असे नाही. म्हणून ‘चाचण्यांत फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘उपकरणे सारखी आहेत’ असा घेणे घाईचे ठरते.

उपकरणे सारखी नाहीतच. ती कशी वेगळी आहेत हे समजण्यासाठी आत काय घडते ते पाहावे लागते. औषधाचा कण फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत जायचा असेल, तर त्याचा आकार साधारण १ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असावा लागतो. त्याहून मोठा कण घशाच्या वळणावरच आपटून चिकटतो. फार लहान असेल तर बराचसा भाग उच्छ्वासाबरोबर बाहेरही येतो. पण इतकी बारीक पावडर एकमेकांना घट्ट धरून बसते, वाहत नाही आणि एका डोसमध्ये लागणारे काही मायक्रोग्रॅम मोजून वेगळे काढणेही अवघड होते. यावर उपाय म्हणून बहुतेक उत्पादनांत ती लॅक्टोजच्या कितीतरी मोठ्या कणांवर बसवतात, आणि खडबडीत दगडाला धूळ चिकटावी तशी ती त्यांच्या अंगाला धरून राहते. आपण श्वास आत ओढतो तेव्हा उपकरणातल्या अरुंद वाटांमध्ये हवेची खळबळ उडते, तिच्या जोराने औषधाचे कण लॅक्टोजपासून सुटतात, लॅक्टोज तोंडात आणि घशात राहतो आणि सुटलेले औषध पुढे जाते. पंपात हे काम डबीतला दाबलेला वायू करतो. पावडरच्या इनहेलरमध्ये कोणताही वायू भरलेला नसतो. उपकरणाचे इंजिन म्हणजे रुग्णाची छाती. त्यामुळे औषधाचा किती भाग बारीक कणांच्या रूपात सुटणार, हे प्रत्येक वेळी त्या श्वासावरच ठरते.

इथे रोध नावाची गोष्ट येते आणि ती अनेकांना उलटी समजते. प्रत्येक उपकरण हवेच्या प्रवाहाला कमीअधिक अडवते. पावडरचेच चार इनहेलर घेऊ; त्यांतल्या काहींची रचना पुढे येईल. सारखाच जोर लावून, म्हणजे सुमारे ४ किलोपास्कल दाबफरक निर्माण होईल इतक्या ताकदीने श्वास ओढला, तर ब्रीझहेलरमधून मिनिटाला १०० लिटरच्या पुढे हवा जाते, डिस्कसमधून ७५ ते ८०, टर्ब्युहेलरमधून ५५ ते ६० आणि हँडीहेलरमधून जेमतेम ३५ ते ४०. (यातला हँडीहेलर मुख्यतः सीओपीडीसाठी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणाऱ्या फुप्फुसाच्या आजारासाठी आहे; रोधाचे टोक कळावे म्हणून तो घेतला.) ज्याच्या हाती जास्त रोधाचे उपकरण पडते, त्याला वाटते की ते चोंदले आहे, आणि कमी रोधाचे उपकरण ‘मोकळे’ म्हणून चांगले वाटते. प्रत्यक्षात कण सुटे करणारी ताकद ही केवळ प्रवाहाच्या वेगात नसते. ती प्रवाह आणि रोध यांच्या मेळातून, म्हणजेच दाबफरकातून येते. जास्त रोधाच्या उपकरणात हवा कमी वाहूनही खळबळ पुरेशी होते. कमी रोधाच्या उपकरणात तेवढीच खळबळ होण्यासाठी हवेचा लोंढा बराच मोठा लागतो. तेव्हा ‘मिनिटाला ३० लिटर जमले म्हणजे झाले’ हा सर्वसाधारण दंडक उपकरणाचे नाव न घेता सांगितला, तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. आणि एवढ्यावरून जास्त रोधाचे उपकरण अशक्त माणसाला कायमच वर्ज्य आहे, असेही म्हणता येत नाही.

या उपकरणांचा उगम थोडा विलक्षण आहे, म्हणून तो सांगण्याचा मोह आवरत नाही. १९६० च्या दशकात रॉजर अल्टून्यान या डॉक्टराने, जो स्वतः दमेकरी होता, आपल्यावरच दम्याचा त्रास ओढवून घेऊन नवनवीन रसायने तपासली. त्यातून क्रोमोग्लायकेट हे औषध पुढे आले. ते पावडरच्या रूपात आणि बऱ्याच मोठ्या मात्रेत द्यावे लागत असल्यामुळे त्यासाठी स्पिनहेलर नावाचे उपकरण तयार झाले. अल्टून्यान दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होता, आणि स्पिनहेलरमध्ये कॅप्सूल एका छोट्या पंख्यावर बसून श्वासाच्या जोराने गरगरत असे. पुढे रोटाहेलर आला आणि कॅप्सूलच्या उपकरणांची परंपराच सुरू झाली.

कॅप्सूलच्या इनहेलरला आज अनेक जण जुनाट समजतात. मला ते मत पटत नाही. दर वेळी कॅप्सूल पाकिटातून काढा, घाला, टोचा किंवा फिरवून उघडा, ही खटपट खरी आहे, आणि थरथरत्या हातांना किंवा संधिवाताने आखडलेल्या बोटांना ती जड जाते हेही खरे. पण त्याच्या बदल्यात एक गोष्ट मिळते, जी पुष्कळ आधुनिक उपकरणे देत नाहीत : डोस खरोखर गेला का, हे कळते. टोचलेली कॅप्सूल आत गरगरते तेव्हा तिचा भिरभिराट ऐकू येतो. तो आला नाही तर श्वास कमी पडला किंवा कॅप्सूल अडकली. कॅप्सूल पारदर्शक असेल तर घेऊन झाल्यावर ती उजेडात धरून आत काही उरले का ते पाहता येते, आणि उरले असेल तर तोच डोस दुसऱ्या श्वासात पूर्ण करता येतो. अर्थात कॅप्सूल म्हटली की ती गिळायची, अशी सवय सर्वांनाच असते, आणि हा धोका कल्पनेतला नाही; इनहेलरच्या कॅप्सूल लोक तोंडाने गिळत असल्याचे आढळल्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेला २००८ साली त्याबद्दल जाहीर सूचना काढावी लागली होती.

टर्ब्युहेलर १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आला आणि त्याने एकाच उपकरणात अनेक डोसांचा साठा ही कल्पना रुजवली. त्याच्या आत पावडरची टाकी असते. तळाचा भाग एका बाजूला पूर्ण फिरवून परत आणला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि एका चकतीच्या भोकांमध्ये मोजून पावडर भरली जाते. भोके गुरुत्वाकर्षणाने भरतात, म्हणून त्या क्षणी उपकरण उभे धरणे आवश्यक असते. आडवे धरून फिरवले तर डोस अपुरा भरतो आणि ते कळायला काही मार्ग नसतो. पावडर इतकी थोडी आणि इतकी बारीक असते की घेताना चव लागत नाही, घशाला जाणवत नाही, आणि मग माणूस ‘आलेच नाही’ म्हणून दुसऱ्यांदा फिरवतो. संशय फेडायचा असेल तर मुखनळीवर गडद रंगाचे पातळ कापड ताणून एकदा त्यातून श्वास ओढून पाहावा. कापडावर फिकट पांढरा ठिपका उमटतो. तो इतका पुसट असतो की तिरप्या उजेडातच नीट दिसतो, आणि पूर्ण डोस म्हणजे एवढेच, हे पाहून बहुतेकांना धक्का बसतो. (तो डोस अर्थातच वाया जातो.) याच उपकरणाची दुसरी फसवणूक आवाजाची आहे. हलवले की आत खुळखुळते ते औषध नसून ओलावा शोषणारे रसायन असते, आणि औषध संपल्यावरही ते तसेच खुळखुळत राहते. रिकामा इनहेलर महिनाभर भक्तिभावाने ओढणारी माणसे असतात, ती याच आवाजाच्या भरवशावर. खिडकीत लाल खूण दिसू लागली की डोस संपत आले, हे पाहण्याची सवय लावून घेणे हाच त्यावर इलाज.

डिस्कसमध्ये डोस एका लांब पट्टीवर फॉइलच्या कप्प्यांत वेगवेगळे सीलबंद असतात, साधारणतः ६०, आणि खटका सरकवला की एक कप्पा उघडतो. त्यामुळे उरलेल्या डोसांना दमट हवा लागत नाही आणि आकडा दाखवणारी खिडकी खरी माहिती देते. उणी बाजू अशी की खटका उगाच दोनदा सरकवला तर एक डोस फुकट जातो. एलिप्टा त्याचीच पुढची पिढी. झाकण उघडणे हीच डोस भरण्याची कृती, दिवसातून एकदाच घ्यायचे औषध, आणि शिकायला तो बहुतेकांना सोपा जातो. त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात : बाजूची हवेची छिद्रे बोटांनी झाकायची नाहीत आणि झाकण सहज चाळा म्हणून उघडायचे नाही. नेक्स्टहेलरची रचना वेगळी आहे. त्यात श्वास विशिष्ट जोराला पोहोचेपर्यंत डोस सुटतच नाही, सुटल्यावर खटक्याचा आवाज येतो, आणि मोजणीचा आकडाही श्वास यशस्वी झाला तरच खाली येतो. कागदावर मला ही रचना सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण नेमकी जी चूक इतरत्र लपून राहते ती इथे उघडी पडते.

आता फुप्फुसात प्रत्यक्ष किती पोहोचते ते पाहू. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा सुमारे ३२ टक्के भाग टर्ब्युहेलरमधून फुप्फुसात पोहोचला, तर त्या काळच्या साध्या पंपातून सुमारे १५ टक्के. हा आकडा पुढे बराच मिरवला गेला. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने दाखवले की टर्ब्युहेलरमधून मिनिटाला ६० लिटरच्या आसपास जोरकस श्वास घेण्याऐवजी ३५ च्या आसपास संथ श्वास घेतला, तर फुप्फुसात पोहोचणारे औषध जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे दोन उपकरणांमधला जो फरक, तेवढाच फरक एकाच उपकरणातल्या दोन श्वासांमध्ये. डिस्कसमध्ये श्वासाच्या वेगाप्रमाणे होणारा हा चढउतार तुलनेने कमी असतो. मात्र चांगल्या श्वासालाही त्यातून सुटणारा बारीक कणांचा वाटा टर्ब्युहेलरच्या उत्तम श्वासाइतका नसतो. एकाचे शिखर उंच आणि दुसऱ्याची पातळी स्थिर, असा हा सौदा आहे. मला विचाराल तर ज्याचा श्वास रोज वेगळा असतो अशा दमेकऱ्याला स्थिरपणा जास्त कामाचा. आणि पंपांचेही दिवस पालटले आहेत : द्रावणाच्या रूपात अतिसूक्ष्म कण सोडणाऱ्या काही नव्या पंपांतून निम्म्याहून अधिक औषध फुप्फुसात जाते, त्यामुळे १९९४ मधली तुलना आजच्या पंपांना जशीच्या तशी लावणे बरोबर नाही.

मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष वाचताना औषध आणि उपकरण यांची गल्लत फार लवकर होते. इंग्लंडमधल्या सॅलफर्ड येथे झालेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पुष्कळदा एलिप्टाचा विजय म्हणून सांगितला जातो. त्यात ४,२३३ दमेकरी होते; एका गटाला एलिप्टामधून दिवसातून एकदा घ्यायचे जोड औषध दिले आणि दुसऱ्या गटाचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. २४ आठवड्यांनी दमा नियंत्रणाच्या प्रश्नावलीत चांगली सुधारणा दिसलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७१ आणि ५६ टक्के होते. फरक ठळक आहे, आणि हा अभ्यास रोजच्या व्यवहारातल्या रुग्णांवर झाला ही त्याची मोठी जमेची बाजू. परंतु दोन्ही गटांत औषधेही वेगळी होती, दिवसातून किती वेळा घ्यायचे तेही वेगळे होते आणि आपल्याला काय मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक होते. या १५ टक्क्यांतला किती वाटा उपकरणाचा, हे सांगायला त्यात जागा नाही. याउलट २०१८ सालची सिग्मा-१ ही चाचणी पाहा. सौम्य दम्यात गरजेपुरते ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल (स्टेरॉइड आणि श्वासनलिका रुंदावणारे औषध यांची जोडी) घेणाऱ्यांना गरजेपुरते टर्ब्युटालिन (श्वासनलिका रुंदावून नुसता आराम देणारे औषध) घेणाऱ्यांपेक्षा तीव्र झटके ६४ टक्क्यांनी कमी आले. दोन्हीकडे उपकरण टर्ब्युहेलरच होते. त्यामुळे हे श्रेय निःसंशय औषधाचे, आणि नुसत्या आराम देणाऱ्या औषधावर दमा काढू नये, असे २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगू लागली, त्यामागे अशा चाचण्यांचा मोठा हात आहे. उपकरणांच्या भांडणापेक्षा हा निष्कर्ष कितीतरी महत्त्वाचा आहे. हातातला इनहेलर कोणताही असो, त्यात स्टेरॉइड आहे की नाही, हे आधी पाहावे.

रोजच्या वापरात काय घडते याची माहिती मात्र सुखावह नाही. १९७५ ते २०१४ या काळातल्या, एकूण ५४ हजारांहून अधिक रुग्णांच्या निरीक्षणांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. इनहेलर अचूक वापरणाऱ्यांचे प्रमाण ३१ टक्के निघाले आणि चाळीस वर्षांत त्यात म्हणण्यासारखी सुधारणा दिसली नाही. पावडरच्या इनहेलरमधल्या सर्वांत सामान्य चुका तीन होत्या : औषध आत घेण्याआधी श्वास पूर्ण बाहेर न सोडणे ४६ टक्के, नंतर श्वास रोखून न धरणे ३७ टक्के आणि डोस नीट तयार न करणे २९ टक्के. पहिली चूक सर्वांत वरची असावी, यात नवल नाही. छाती आधीच अर्धी भरलेली असेल तर जोरात ओढायला जागाच उरत नाही. पण श्वास सोडायचा तो तोंड बाजूला वळवून, उपकरणात नव्हे. उच्छ्वासातला ओलावा पावडरला लागला की तिच्या गुठळ्या होतात, आणि भरलेला डोस उडून जातो तो वेगळाच. स्नानगृहातल्या कपाटात इनहेलर ठेवू नये असे सांगतात, त्याचेही कारण हेच.

त्यानंतरच्या वर्षी क्रिटिकल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासाने ३,६६० दमेकऱ्यांमध्ये कोणत्या चुकीचा दम्यावर खरोखर परिणाम होतो हे तपासले. पावडरचा इनहेलर वापरणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एक जण पुरेशा जोराने श्वास ओढत नव्हता, आणि या चुकीचा संबंध अनियंत्रित दम्याशी तसेच वाढत्या झटक्यांशी आढळला. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे. दमा बिघडला म्हणून श्वासाला जोर राहिला नाही, असेही असू शकते. तरी उपकरणाच्या तत्त्वाशी हा निष्कर्ष इतका जुळतो की तो बाजूला सारणे मला जमत नाही. आणखी एक बारकावा सहसा सांगितला जात नाही : जोर सुरुवातीलाच लागतो. पावडर पहिल्या काही क्षणांत बाहेर पडून जाते. हळू सुरू करून नंतर वेग वाढवला, तर औषध गुठळ्यांच्या रूपात आधीच घशावर जाऊन बसलेले असते आणि मागाहून आलेला जोमदार श्वास नुसती हवा घेऊन जातो.

पंपाचा नियम याच्या बरोबर उलटा आहे. तिथे दाबणे आणि ओढणे एकाच वेळी सुरू करून श्वास संथ आणि खोल घ्यायचा, चार-पाच सेकंद. त्यामुळे नियमित औषध पावडरमधून आणि आराम देणारे औषध पंपातून, अशी जोडी ज्यांच्याकडे असते, त्यांच्या हातून दोन्हीकडे मधलाच कुठलातरी श्वास घेतला जातो, जो कोणत्याच उपकरणाच्या कामाचा नसतो. शक्य असेल तिथे दोन्ही औषधांसाठी एकाच जातीचे उपकरण असावे, आणि ‘ही सोय आहे’ असे न मानता उपचाराचा भाग मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे. न विचारता, न शिकवता उपकरण बदलणे हाही याच गटातला प्रकार. औषध तेच आणि मायक्रोग्रॅम तेवढेच, म्हणून एका उपकरणाऐवजी दुसरे हातात ठेवले जाते. पण रोध वेगळा, डोस भरण्याची कृती वेगळी, धरण्याची दिशा वेगळी. गोळीच्या बाबतीत जेनेरिक म्हणजे तेच रसायन तेवढ्याच मात्रेत, आणि रक्तातली पातळी जुळली की बहुधा पुरते. पावडरच्या इनहेलरची नक्कल मंजूर करताना प्रयोगशाळेतली कणांची मोजणी, रक्तातली पातळी, रुग्णांवरील परिणाम आणि उपकरणाची रचना हे सगळे तपासावे लागते. अमेरिकेत ॲडव्हेअर डिस्कसचे, म्हणजे डिस्कसमधून मिळणाऱ्या एका जोड औषधाचे, पहिले जेनेरिक मंजूर व्हायला २०१९ साल उजाडले, ते यामुळेच.

पावडरचे इनहेलर कोणासाठी नाहीत, हेही स्पष्ट असावे. पाच वर्षांखालच्या मुलांना जोराचा श्वास मागून मिळत नाही. त्यांच्यासाठी स्पेसर (फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी) लावलेला पंप, आणि अगदी लहान असेल तर त्याला मास्क. तीव्र झटक्यात, बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल अशा अवस्थेत, सर्वसाधारणपणे पंप आणि स्पेसर किंवा नेब्युलायझर (औषधाची वाफेसारखी फवारणी करणारे यंत्र) हाच मार्ग धरला जातो, कारण त्यात रुग्णाच्या जोरावर काही अवलंबून राहत नाही. दुधातल्या प्रथिनांची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी लॅक्टोज असलेली पावडर टाळावी, कारण लॅक्टोजमध्ये त्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. दूध पचत नाही एवढीच तक्रार असेल तर मात्र काळजी नको; एका डोसमधला लॅक्टोज मिलिग्रॅममध्ये मोजावा इतका थोडा असतो. आणि स्टेरॉइड कोणत्याही उपकरणातून घेतले तरी त्याचा मोठा भाग तोंडात व घशात बसतोच, म्हणून नंतर चूळ भरून ती थुंकून टाकणे, हे तोंडातली बुरशी आणि बसलेला आवाज टाळण्यासाठी आवश्यक आहे.

मग स्वतःसाठी तुलना करायची कशी? पीक फ्लो मीटरचा इथे उपयोग नाही, कारण तो बाहेर सोडलेला श्वास मोजतो, आणि बाहेरच्या आकड्यावरून आतल्या जोराचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही. आत ओढण्याचा वेग मोजणारे इन-चेक नावाचे साधे साधन मिळते; त्यावरची तबकडी फिरवून वेगवेगळ्या उपकरणांचा रोध लावता येतो आणि आपला श्वास कोणत्या उपकरणाला पुरतो हे काही मिनिटांत कळते. ते मोजमाप बरे वाटत असताना आणि छाती भरलेली असतानाही व्हावे, कारण औषधाची खरी गरज दुसऱ्या वेळी असते. काही उत्पादक शिट्टी वाजणारी सरावाची नळी देतात, तीही चालते. त्यानंतर औषध नसलेले नमुन्याचे उपकरण हातात घेऊन, कोणी न सांगता, पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवावे. ‘इनहेलर घेता ना?’ या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘घेऊन दाखवा’ म्हटल्यावर काय होते, ते वरच्या ३१ टक्क्यांत आले आहेच. एकदा जमलेली रीतही काही आठवड्यांत ढिली पडते, म्हणून हे दाखवणे प्रत्येक भेटीत व्हावे.

अलीकडे तुलनेत एक नवा मुद्दा आला आहे. बहुतेक पंपांतला एचएफए-१३४ए हा वायू तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,३०० ते १,५०० पट प्रभावी आहे, आणि पावडरच्या उपकरणात असा वायूच नसल्यामुळे काही देश रुग्णांना पावडरकडे वळवत आहेत. ज्याचा श्वास पुरतो आणि ज्याची तयारी आहे, त्याच्यासाठी हा बदल योग्यच म्हणावा लागेल. पण शिकवल्यावाचून केलेल्या अशा बदलाने दमा बिघडला, तर त्यातून वाढणारे आराम देणाऱ्या पंपाचे फवारे आणि इस्पितळाच्या फेऱ्या यांचाही कार्बन मोजावा लागतो, आणि तो हिशेब मांडताना पुन्हा तोच तपशील विचारावा लागतो की नव्या उपकरणातून पहिला श्वास घेताना त्या रुग्णाकडे कोणी पाहिले होते का.